आई, आधी बघ ना!

पत्र : उन्हाळा नुकता सुरू झालाय. तीन आठवड्यांनी आम्ही घरचे सगळे, म्हणजे मी, नवरा, नऊ वर्षांची मुलगी आणि सासूबाई, आठ दिवसांच्या सहलीला निघतोय. मला फोटोग्राफीची आवड आहे. होती, असं म्हणायला हवं. तीन वर्षांपूर्वी हौसेने कॅमेरा घेतला, पण गेलं वर्षभर तो कपाटाबाहेर आलेला नाही. नोकरी आणि घर यात वेळच उरत नाही. फोनमध्ये मात्र अकरा हजार फोटो साठलेत आणि त्यातले शंभरसुद्धा मी पुन्हा पाहिलेले नाहीत. गेल्या सहलीत मुलगी वैतागून म्हणाली, "आई, आधी बघ ना, मग फोटो काढ." ते मनाला फार लागलं. शिवाय भर उन्हात काढलेल्या फोटोंत सगळ्यांचे चेहरे काळवंडलेले आणि डोळे बारीक झालेले असतात. या वेळी कॅमेरा न्यावा की घरीच ठेवावा? की हा छंद आपला नव्हेच असं समजून सोडून द्यावा?
— छंद सुटलेली एक आई

उत्तर : कॅमेरा न्या, पण एका अटीवर. निघायला तीन आठवडे आहेत. या एकवीस दिवसांतले निदान दहा दिवस तो कपाटातून बाहेर निघून तुमच्या हातात यायला हवा, रोज दहा मिनिटं का होईना. तेवढंही जमलं नाही, तर तो खुशाल घरी ठेवा आणि फोनवर भागवा. त्यात वाईट वाटून घेण्यासारखं काही नाही.

अट घालतेय, कारण वर्षभर न हाताळलेला कॅमेरा सहलीत आपलं सगळं लक्ष खातो. कुठलं बटण कुठे आहे तेच आठवत नाही. समोर डोंगर असतो आणि आपण मेनू धुंडाळत बसतो. बोटांना सवय असली की कॅमेरा डोळ्यांच्या आड येत नाही. मुलीची तक्रार फोटो काढण्याबद्दल असेल असं मला वाटत नाही. तिला आई दिसत होती, पण आईची नजर पडद्यावर होती, एवढंच तिने सांगितलं. मुलं असं नेमकं बोलतात आणि आपल्याला ते लागतं, कारण ते खरं असतं.

तर आजच रात्री कॅमेरा बाहेर काढा. बॅटरी चार्जिंगला लावा. इतका काळ बंद राहिलेल्या कॅमेऱ्यात तारीख-वेळ बरेचदा पुसली गेलेली असते, ती पुन्हा लावा. नाहीतर आठ दिवसांचे फोटो भलत्याच तारखेखाली जमा होतील. मग लेन्स काढून तिच्यात एका बाजूने टॉर्च मारा आणि दुसऱ्या बाजूने पाहा. कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक तंतू दिसले, तर ती बुरशी आहे. बंद, अंधाऱ्या, दमट कपाटात लेन्सला ती सहज लागू शकते. दिसली तर दुरुस्तीवाल्याकडे द्या, घरी खरवडू नका. नसेल तर देवाचे आभार माना आणि इथून पुढे कॅमेरा ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या टाकून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. खरं तर वापरात असलेल्या, हवा लागणाऱ्या लेन्सला बुरशी सहसा धरत नाही.

आता रोजच्या दहा मिनिटांत करायचं काय? बागेत जा, सूर्योदय पाहा, असलं काही मी सांगणार नाही. नोकरी करणाऱ्या बाईला ते दोन दिवस जमतं आणि तिसऱ्या दिवशी मनात अपराधीपणा सुरू होतो. घरातच एक कवडसा शोधा. पडद्याच्या फटीतून, जाळीतून किंवा दाराच्या भोकातून जमिनीवर पडणारा. उन्हाळ्याच्या सुरुवातीला आपण पडदे ओढायला लागतो आणि घरात अंधार-उजेडाची नवी मांडणी होते, त्यामुळे कवडसे हमखास सापडतात. सकाळी कामावर निघण्याआधीची किंवा संध्याकाळी परतल्यावरची, कुठलीही एक वेळ धरा आणि रोज त्याच वेळी त्याच कवडशाचा एक फोटो काढा. एकच. मुलीला हाताशी घ्या. कवडशाच्या कडेने तिला खडूची रेघ मारू द्या आणि रेघेवर तारीख लिहू द्या. या दिवसांत सूर्याची वाट रोज थोडी थोडी सरकत असते, त्यामुळे त्याच घटकेला तोच कवडसा कालच्या रेघेवर नसतो. तीन आठवड्यांनी जमिनीवर रेघांची एक रांगच तयार होईल. ऋतू सरकतो म्हणजे काय, हे तुमच्या मुलीला पुस्तक न उघडता कळेल.

आणखी एक गंमत तिला दाखवा. दाट झाडाखाली जे कवडसे पडतात ते गोल किंवा लंबगोल असतात. पानांमधल्या फटी तर वाट्टेल त्या आकाराच्या, मग कवडसे गोल कसे? कारण तो प्रत्येक ठिपका म्हणजे सूर्याची प्रतिमा असते. पानांमधली लहानशी फट हीच तिथे लेन्स आणि जमीन हीच फिल्म. खंडग्रास सूर्यग्रहण असतं तेव्हा झाडाखालचे हे सगळे गोल एकदम चंद्रकोरींचे होतात. कॅमेऱ्याच्या शोधाआधी कितीतरी शतकं माणसांनी अंधाऱ्या खोलीच्या भिंतीवर भोकातून आलेलं बाहेरचं उलटं जग पाहिलं होतं, ते याच तत्त्वावर. तुमच्या मुलीला फोटोग्राफीचा मुळारंभ शिकवायला त्या झाडाखालची जमीन पुरेशी आहे.

"घरात काय फोटो काढायचे" असं मनात आलं असेल, तर योसेफ सुदेक या चेक फोटोग्राफरचं उदाहरण देते. पहिल्या महायुद्धात जखमी झाल्यामुळे त्यांना उजवा हात गमवावा लागला. पुढे १९४० पासून १९५४ पर्यंत त्यांनी प्रागमधल्या आपल्या लहानशा स्टुडिओच्या खिडकीचे फोटो काढले. कधी काचेवर दव, कधी बर्फाची नक्षी, कधी ओघळणारं पाणी, पलीकडे अंगणातलं एक वाकडं झाड, आणि आत खिडकीच्या कट्ट्यावर एखादा पेला. खिडकी तीच आणि झाडही तेच. त्यातली सुरुवातीची वर्षं शहर नाझी जर्मनीच्या ताब्यात होतं आणि बाहेर मोकळेपणाने कॅमेरा घेऊन हिंडणं सोपं नव्हतं. आज जगभरात त्यांचं नाव निघतं ते बरचसं या खिडकीमुळे. मला त्या फोटोंत सगळ्यात भिडतं ते त्या माणसाचं परत परत त्याच जागी येणं. कॅमेरा फक्त सहलीला बाहेर काढायचा, असं ठरवलं की छंद वर्षातून आठच दिवस जिवंत राहतो. तुमचा छंद सुटला तो वेळ नव्हता म्हणून थोडा, आणि फोटो काढण्यासारखं सगळं दूर कुठेतरी आहे असं वाटल्यामुळे जास्त, असं मला पत्र वाचताना जाणवलं.

कवडशाचा कंटाळा आला तर एक दिवस ओल्या पावलांचा फोटो काढा. तुमची मुलगी पाय धुऊन फरशीवरून चालत येईल तेव्हा पाहा. आधी सगळं पाऊल उमटतं. मग कडा आत आत सरकतात, मधला पातळ भाग तुटतो, टाच आणि चवडा वेगळे होतात. बोटांचे पाच ठिपके तर बघता बघता जातात. शेवटी टाचेचं एक छोटं ओलं वर्तुळ राहतं आणि तेही मिटतं. हे सगळं काही मिनिटांत. पहिला फोटो कधी काढायचा आणि शेवटचा कधी, हे ठरवता ठरवता तुम्ही जे शिकाल ते कुठल्याही वर्गात शिकवत नाहीत.

आता मुलीच्या वाक्याकडे पुन्हा येते, कारण तुमच्या पत्रातला तोच खरा प्रश्न आहे. फोटो काढल्याने पाहणं कमी होतं का? यावर संशोधन झालेलं आहे आणि त्याचं उत्तर एका शब्दात देता येत नाही. लिंडा हेन्केल या मानसशास्त्रज्ञांनी २०१४ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. संग्रहालयात फिरताना लोकांना काही वस्तूंचे फोटो काढायला सांगितले आणि काही नुसत्या बघायला सांगितल्या. दुसऱ्या दिवशी विचारलं तेव्हा फोटो काढलेल्या वस्तू आणि त्यांचे तपशील लोकांना कमी आठवत होते. मात्र ज्यांना वस्तूच्या एखाद्या भागावर झूम करून फोटो काढायला सांगितलं होतं, त्यांची आठवण कमी झाली नाही. पुढे २०१७ मध्ये आणखी एक अभ्यास आला. त्यात लोकांना स्वतःच्या मर्जीने फोटो काढू दिले होते. त्यांना पाहिलेलं जास्त चांगलं आठवलं, पण ऐकलेलं कमी आठवलं.

हे वाचलं तेव्हा मी बराच वेळ गप्प बसून होते, कारण त्यातलं ऐकण्याचं नुकसान मी स्वतः सोसलेलं आहे. बऱ्याच वर्षांपूर्वी मी आणि माझी आत्या बसने लांबच्या प्रवासाला निघालो होतो. खिडकीची जागा माझी. उन्हं कलायला आली होती, बाहेर शेतं पळत होती आणि मी सारखी क्लिक करत होते. शेजारी आत्या बोलत होती आणि मी "हं, हं" म्हणत होते. त्या फोटोंत आज काय दिसतं? काचेत पडलेलं माझंच अर्धं प्रतिबिंब आणि हललेली झाडं. काही वर्षांनी मी तिला विचारलं, "आत्या, तू तरुणपणी अचानक नोकरी सोडलीस ती का गं?" ती म्हणाली, "बसमध्ये तुला सगळं सांगितलं होतं की. एकदाच सांगायचं होतं मला ते." त्यानंतर तिने पुन्हा सांगितलं नाही आणि मीही पुन्हा विचारलं नाही. ते बोलणं माझ्या कानावर पडलं होतं, माझ्यापर्यंत पोचलं नाही.

म्हणून सहलीसाठी मी तुम्हाला तीन गोष्टी सांगते. कुणी बोलत असेल तेव्हा कॅमेरा खाली. सासूबाई प्रवासात जुनं काही सांगायला लागल्या, तर समोरचं दृश्य जाऊ द्या. दृश्यं खूप असतात. दुसरी गोष्ट अशी, की नव्या ठिकाणी पोचल्यावर पहिली दहा मिनिटं कॅमेरा पिशवीतच राहू द्या आणि मुलीला विचारा, "तुला यातलं सगळ्यात काय आवडलं?" ती बोट दाखवेल त्याचा फोटो काढा, आणि अख्ख्या देखाव्याचा काढण्याआधी त्यातल्या एका तुकड्याचा काढा. कोनाड्यातली चिमणी, पायरीची झिजलेली कड, होडीचा सुटलेला रंग. तुकडा निवडायचा तर आधी बघावंच लागतं. आणि तिसरी गोष्ट रात्रीची. झोपण्याआधी सगळ्यांनी मिळून दिवसभरात काय ऐकलं त्याच्या तीन ओळी वहीत लिहा. घंटा, एखाद्याची हाक, नवऱ्याने वाट चुकल्यावर रस्ता विचारला तेव्हा मिळालेलं उत्तर, काहीही. ते काम कॅमेरा करत नाही.

दिवसातला एक तास मात्र फक्त तुमचा ठेवा आणि तो घरच्यांना आधीच सांगून ठेवा. पहाटेचा उत्तम. बाकीचे झोपलेले असतात, त्यामुळे कुणाला ताटकळावं लागत नाही आणि कुणी "चल ना आता" म्हणत नाही. त्या तासात हवं तेवढं रमा. ज्या घरात हा तास ठरलेला असतो तिथे उरलेल्या दिवसात कॅमेऱ्यावरून भांडणं होत नाहीत, हा माझा अनुभव आहे.

भर उन्हातल्या काळ्या चेहऱ्यांचं म्हणाल, तर दोष तुमचा नाही, डोक्यावरच्या सूर्याचा आहे. उन्हाळ्यात दुपारी सूर्य उंच असतो, कपाळाची सावली डोळ्यांवर पडते आणि नाकाची ओठांवर. एक सोपी खूण सांगते. आपल्या सावलीकडे पाहा. सावली तुमच्या उंचीएवढी असेल तर सूर्य ४५ अंशांवर आहे. ती त्याहून आखूड झाली की माणसांचे फोटो उन्हात काढू नका, लांब झाली की बिनधास्त काढा. दुपारी काढायचेच असतील, तर त्यांना सावलीच्या आत पण कडेपाशी उभं करा, तोंड उजेडाकडे. समोर उन्हाने तळपणारी पांढरी भिंत किंवा फिकट रंगाची जमीन असेल तर तिचा परतलेला उजेड चेहऱ्यावर येतो आणि डोळ्यांखालचा काळोख भरून निघतो. सावलीच नसेल तर त्यांची पाठ सूर्याकडे करा, पडद्यावर चेहऱ्याला बोट लावा आणि उजेड थोडा वाढवा. मागचं आकाश पांढरं पडेल, पडू द्या. तुम्हाला माणसं हवी आहेत. आणि "डोळे मिटा, मी तीन म्हटलं की उघडा" हा उपाय जुना असला तरी बारीक डोळ्यांवर अजून तितकाच लागू पडतो.

दुपारचं ऊन झाडांसाठी मात्र वाया जात नाही. नुकती फुटलेली पालवी पातळ असते. तिच्या खाली जाऊन, सूर्य पानाच्या मागे ठेवून वर पाहा. पान दिव्यासारखं उजळतं, शिरा न् शिरा मोजता येते. पानं जून झाली की ती चमक राहत नाही, म्हणून हे आत्ताच करून घ्यायचं. फक्त लेन्समधून थेट सूर्याकडे पाहू नका. डोळा लावून पाहायची काचेची खिडकी, म्हणजे व्ह्यूफाइंडर, असलेल्या कॅमेऱ्यात डोळ्याला खरीखुरी इजा होते.

संध्याकाळच्या मऊ उन्हाबद्दल एवढंच ध्यानात ठेवा, की विषुववृत्ताजवळच्या प्रदेशात सूर्य सरळ खाली उतरतो आणि ते सोनेरी ऊन पटकन संपतं. जितकं ध्रुवांकडे जाल तितकं ते रेंगाळतं. सहलीची जागा कुठे आहे ते पाहून संध्याकाळचा बेत आखा.

उन्हाळ्यात सामानाची काळजी थोडी जास्त घ्यावी लागते. बंद गाडी उन्हात तासभर उभी राहिली, तर आतलं तापमान बाहेरच्यापेक्षा वीसेक अंशांनी वर जातं. त्यात कॅमेराही ठेवू नका आणि फोनही. एसीच्या खोलीतून एकदम दमट उकाड्यात आलात की लेन्सवर वाफ धरते. कॅमेरा पिशवीतून न काढता अर्धा तास बाहेरच्या हवेत राहू दिला की तो प्रश्न उरत नाही. वाफ धरलीच, तर रुमालाने घासू नका, आपोआप जाऊ द्या. आणि फोनची लेन्स फोटोआधी मऊ कापडाने पुसा. बरेचसे धुरकट फोटो बोटांच्या चिकट ठशांमुळे येतात.

नवीन लेन्स घेऊ का, असं तुम्ही विचारलेलं नाही, पण दुकानात गेलात तर मोह होईल. घेऊ नका. आहे त्यातली सगळ्यात हलकी एकच लेन्स लावा आणि बाकीच्या घरी ठेवा. दोन लेन्स नेल्या की आपण अर्धा वेळ दुसरी लावावी का याचाच विचार करत बसतो.

राहता राहिले ते अकरा हजार फोटो. त्यांच्यासाठी एखादा रविवार राखून ठेवू नका, तो रविवार येणार नाही. रोज झोपताना फक्त त्या दिवसाच्या तारखेचे मागच्या वर्षांतले फोटो उघडा. सरासरी तीसेक असतील. सारखे सारखे असतील त्यातला एक ठेवा, बाकीचे पुसा. वर्षभरात तुमची एक फेरी पूर्ण होईल. त्यातून वर्षाकाठी बारा फोटो निवडून त्यांच्या छापील प्रती काढा, तळहाताएवढ्या. मोठ्या नकोत. सुदेक यांनीही १९४० नंतर फोटो मोठे करून छापणं जवळपास सोडून दिलं होतं, निगेटिव्ह जेवढी तेवढीच प्रत. लहान फोटो हातात धरून जवळून पाहावा लागतो, आणि शेजारी बसलेल्यालाही जवळ यावं लागतं.

न पाहिलेल्या फोटोंचा सल मात्र आधी मनातून काढून टाका. व्हिव्हियन मायर यांनी आयुष्यभर मुलं सांभाळण्याची नोकरी केली. मुलांना फिरवताना कॅमेरा गळ्यात असायचा. २००९ मध्ये त्या गेल्या, तेव्हा त्यांच्या निगेटिव्हची संख्या लाखाच्या घरात होती आणि शेकडो रोल तर धुतलेलेच नव्हते. स्वतःचे कितीतरी फोटो त्यांनी कधी पाहिलेच नाहीत, आणि आज ते फोटो पाहायला लोक रांगा लावतात. छंद आपला आहे की नाही याचा निवाडा फोनमधल्या आकड्यावरून करू नका. मुलीचं एक वाक्य वर्षभर ज्या बाईला सलत राहिलं, तिची नजर मेलेली नाही.

सहलीत दिवसातून एकदा कॅमेरा मुलीच्या गळ्यात घाला. पट्टा तिच्या उंचीला आखूड करून घ्या, नाहीतर लेन्स पायरीवर आपटेल. काय काढायचं ते सांगू नका आणि काढलेलं लगेच तपासूही नका. परत आल्यावर तिने काढलेल्यातला एक फोटो छापून घ्या, त्याच्या पाठीवर वहीतल्या त्या दिवसाच्या तीन ओळी उतरवा आणि तो मला पाठवा. तुमचे फोटो नंतर पाहू.